गाडीत बोलायचं नाही

शनिवारी सकाळपासून वैद्यबुवांचा पाय एका जागी ठरत नव्हता. त्यांनी चहा ओतून घेतला, तो खिडकीत ठेवला आणि खाली गेले. करड्या गाडीचं बॉनेट उघडलं, आत बघितलं, बंद केलं, वर आले. चहा गार झाला म्हणून बायकोवर उखडले आणि परत खाली गेले. तिसऱ्या खेपेला बायको म्हणाली, "अहो, ती गाडी काही पळून जात नाही. आणि गेलीच, तर तिला पळता येतं एवढं तरी सिद्ध होईल."

वैद्यबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. माणसांच्या दुखण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते एकतीस वर्षं दुरुस्ती खात्यात होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांनी "डावीकडचं बेअरिंग. फार तर पंधरा दिवस" असं सांगून मोकळं व्हायचं, ही त्यांची पद्धत. पंधरा दिवसांत बेअरिंग जायचंच. म्हणून खात्यानं त्यांना वैद्यबुवा करून टाकलं आणि ते नाव कारखान्यातून घरापर्यंत आलं.

घरात त्यांनी आजवर एकही नवी गाडी येऊ दिली नव्हती. पाच गाड्या झाल्या, सगळ्या दुसऱ्याच्या हातून आलेल्या, एक तर तिसऱ्याच्या. सध्याची बावीस वर्षांची होती आणि तिच्या दारांना अजून घट्ट बसायची खोड होती. "नवी गाडी मुखदुर्बळ असते," असं ते म्हणत. "काही झालं की नुसता दिवा लावून गप्प बसते. जुनी गाडी कुठं दुखतंय ते तोंडानं सांगते. ऐकणारा पाहिजे."

ऐकणारा घरात एकच होता आणि त्याच्यासाठी घरात एक कायदा होता. गाडी सुरू झाली की पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. रेडिओ नाही, फोन आवाज बंद करून डॅशबोर्डच्या खणात. आणि दहा मिनिटांनंतरही गाडीच्या तब्येतीबद्दल दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला बायको एकदा "हा खडखडाट कसला?" म्हणाली होती, तेव्हा "ऐकू आलाय मला" असं तोडून सांगितलं होतं. मग ती पुन्हा कशाला बोलेल? मुलगी सहा वर्षांची असताना मागच्या सीटवर तिचा दात पडला. तोंडातून रक्त येत होतं, पण पोर दात मुठीत धरून दहा मिनिटं पूर्ण होईपर्यंत बसून राहिली. हा किस्सा वैद्यबुवा चारचौघांत अभिमानानं सांगत. ऐकणाऱ्यांना तो अभिमानाचा वाटेच असं नाही.

ती मुलगी आता बत्तीस वर्षांची होती आणि घरात तिचं नाव अजून छकुलीच होतं. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधणं, इंजेक्शनं देणं, हे तिचं काम. येत्या सोमवारपासून तिला डोंगराखालच्या वस्त्या मिळाल्या होत्या. तिकडे बस जात नाही. सात वळणांचा उतार उतरून रोज जायचं, रोज यायचं. म्हणजे गाडी हवी.

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. मोजल्याशिवाय काही न बोलणारा माणूस. त्यानं सरळ सुचवलं होतं, "आपण लीजवर नवी घेऊ. तीन वर्षं वापरायची, बिघडली तर त्यांची डोकेदुखी, मग परत करायची आणि दुसरी नवी आणायची."

"म्हणजे गाडी कधी आपली होणारच नाही," वैद्यबुवा म्हणाले होते.

"नाही होणार. पण तिचं दुखणंही आपलं होणार नाही."

याचं उत्तर म्हणून वैद्यबुवांनी दुसऱ्याच आठवड्यात जाऊन ही करडी गाडी आणली. चौदा वर्षांची, निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाईंची. बाईंनी ती शाळा आणि वाचनालय यांच्यापलीकडे फारशी नेलेली नव्हती. सहा आठवडे वैद्यबुवा तिच्या पोटात हात घालून बसले. पट्टा बदलला, पाण्याच्या नळ्या बदलल्या, क्लचची केबल, प्लग, बॅटरी. ब्रेकचं बाहेरचं पॅड त्यांनी चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं. चांगलं जाड होतं. आतलं पॅड बघायला चाक काढावं लागतं. ते त्यांनी काढलं नाही. पॅड झिजत आलं की त्याच्यावरची पत्र्याची जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला घासते आणि ब्रेक किंचाळतो, ती सोय कंपनीनं मुद्दाम केलेली असते. वैद्यबुवांचं गणित साधं होतं: ब्रेक बोलतात. बोलत नाहीत, म्हणजे ठीक आहेत.

ठरलं असं होतं की आज सकाळी छकुलीनं गाडी चालवून बघायची. पसंत पडली तर चार वाजताची शोरूमची वेळ रद्द. नाही पडली तर वैद्यबुवांनी एक शब्द बोलायचा नाही. पोरीनं आपली गाडी घ्यावी असं त्यांना इतकं वाटत होतं की त्या वाटण्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटत होती. नोकरी संपल्यापासून कुणी त्यांना काही विचारायला येत नव्हतं. ही एकच गोष्ट उरली होती, जिथे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

आणखीही एक टोचणी होती, पण तिच्याकडे ते बघत नसत. धुण्याचं यंत्र काम संपल्यावर शीळ घालतं म्हणे. त्यांना ती गेली दोन वर्षं ऐकू आली नव्हती. हल्ली माणसं पुटपुटतात, असं त्यांचं मत झालं होतं. टीव्हीवरची तर फारच. कारखान्यात सगळ्यांना कानात घालायचे बोळे मिळायचे, पण कानात बोळे घालून वैद्यकी होत नाही म्हणून वैद्यबुवांचे बोळे एकतीस वर्षं कपाटातच राहिले. "काय म्हणालात?" असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. त्याऐवजी त्यांच्याकडे चार-पाच सुरांतलं "हं" होतं आणि त्यावर त्यांचं बऱ्यापैकी भागत होतं.

दहाच्या सुमाराला मुलगी आणि जावई आले. छकुली गाडी चालवायला बसली, तिच्या शेजारी वैद्यबुवा, मागे बायको आणि जावई. चार फोन खणात गेले. किल्ली फिरली, आणि दहा मिनिटांचं मौन सुरू झालं.

वैद्यबुवांनी डोळे मिटले. इंजिनाची घरघर पोटात जाणवत होती, एकसारखी, समाधानी. दुसरा गिअर, तिसरा. पुढे शाळेपाशी छकुलीनं गाडी थांबवली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. रस्ता ओलांडणारी एक लहान मुलगी गाडीकडे वळून बघत होती. भाजीच्या दुकानाशी थांबले, तिथे दोन बायकांनी वळून बघितलं. चौकात तर कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं पेपर खाली करून बघितलं.

'बघा, बघा,' वैद्यबुवा मनात म्हणाले. परवा संध्याकाळभर त्यांनी गाडीला पॉलिश मारलं होतं.

आरशात मात्र बायकोचा चेहरा दिसला आणि काहीतरी खुपलं. गाडी थांबली की ती डोळे बारीक करायची, लिंबू चावल्यासारखी. जावई पुढे वाकला, काही बोलणार असं वाटलं, तेवढ्यात बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दहा मिनिटं व्हायची होती.

घरापाशी येऊन छकुलीनं गाडी बंद केली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि बापाकडे बघून हसली. "छान आहे, बाबा. घेतली मी."

"हं," वैद्यबुवा म्हणाले. हा त्यांचा सगळ्यात मोठा 'हं' होता.

तिनं तिथल्या तिथे खणातून फोन काढला आणि चारची वेळ रद्द करून टाकली. जावई काही म्हणाला. गाडीच्या पलीकडे उभा राहून म्हणाला, त्यामुळे वैद्यबुवांना त्यातलं फक्त "...नक्की ना?" एवढं कळलं. छकुली त्याला म्हणाली, "बाबा बसले होते ना शेजारी?" मग वळून म्हणाली, "आम्ही सोमवारचा रस्ता बघून येतो. खालपर्यंत जातो आणि जेवायला परत." आईबाबांचे फोन त्यांच्या हातात दिले, त्या दोघांचे पुन्हा खणात गेले. घरची शिस्त होती ती. करडी गाडी कोपऱ्यावरून वळली.

आता खरं तर वैद्यबुवांनी पाय पसरून बसायचं. मनासारखं झालं होतं. पण ते खुर्चीत बसले आणि उठले. गॅलरीत गेले आणि आत आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बायको मटार सोलत होती.

"कशी वाटली गाडी?"

"चांगली आहे की," बायको म्हणाली. "ब्रेकचं तेवढं तुम्ही उद्या करणारच असाल."

"ब्रेकचं काय?"

"अहो, तो आवाज."

 बायकोनं मान वर केली.

"काचेवर सुरी ओढल्यासारखा. थांबताना येतो तो. अंगावर शहारा येतो नुसता. पंधरा दिवस तरी झाले, बाजारात जातो तेव्हा लोक वळून बघतात. आजही सगळा रस्ता बघत होता. मी म्हटलं तुम्ही चाक कधी काढताय..." ती थांबली. हातातली शेंग तशीच राहिली. "तुम्हाला ऐकू आलाच असेल ना?"

त्या वेळी वैद्यबुवांना शाळेपाशची लहान मुलगी पुन्हा दिसली. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले होते. त्यांनी ते हात बघितले होते, आणि तरी त्यांना पॉलिशच आठवलं होतं.

"चल," ते म्हणाले. "चप्पल घाल."

फोन लावून उपयोग नव्हता, तरी त्यांनी तीनदा लावला. त्यांनीच केलेल्या कायद्यानं दोन्ही फोन खणात मुके पडले होते. बावीस वर्षांची गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. एरवी त्याचं कौतुक झालं असतं.

डोंगराकडे जाणारा रस्ता पंधरा मिनिटांचा.  पुढे कुणी हळू चालला की वैद्यबुवा स्टिअरिंगवर बोटं आपटत. डोक्यात एकच चित्र: सात वळणं, आणि पोरीचा पाय ब्रेकवर. किंचाळणं म्हणजे पहिली सूचना. पंधरा दिवस किंचाळून झाल्यावर जीभ जाते, पॅड जातं, मग लोखंडावर लोखंड. सपाट रस्त्यावर निभावतं. उतारावर चकती तापते आणि मग पाय कितीही दाबा. हे सगळं त्यांना पाठ होतं. कारखान्यातल्या नव्या माणसांना त्यांनीच शिकवलेलं होतं.

सिग्नलला थांबले तेव्हा त्यांनी बायकोकडे बघितलं. "आपल्या गाडीचा येतोय का काही आवाज?"

"नाही."

पुढच्या वळणावर पुन्हा विचारलं. "आता?"

"नाही हो. रस्त्याकडे बघा."

"नीट ऐक."

"ऐकतेय," बायको म्हणाली, आणि मग रस्त्याकडे बघतच, "कधीपासून?"

त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यापुरतं तरी ते जमण्यासारखं होतं.

उतार सुरू होतो तिथे बस थांबायची जुनी शेड आहे. बस बंद झाली, शेड राहिली. तिच्यापुढे करडी गाडी उभी होती. दोघं बाहेर होते, चांगलंच वाजलेलं दिसत होतं. जावयानं किल्ली मुठीत धरली होती आणि मूठ पाठीमागे. वैद्यबुवा गाडीतून उतरले. 

"बघा ना बाबा!" छकुली तणतणत आली. "खाली जाऊच देत नाहीये. आधी नुसता चिरचिर आवाज होता, आता जरा खरखर आली तर हा म्हणतो एक पाऊल पुढे जायचं नाही. मी किती वेळा सांगितलं, बाबांना माहीत आहे!"

जावई शांतपणे म्हणाला, "मला माहीत नाही म्हणून थांबवली."

वैद्यबुवांनी डिकीतून जॅक काढला, पाना काढला. मागच्या चाकाला दगड लावला. पुढचं डावं चाक उतरवलं आणि गुडघ्यावर बसून आत वाकले. बाहेरचं पॅड जाड होतं, टॉर्चमध्ये दिसलं होतं तसंच. दोन्ही पॅडं चकतीवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनेवर पुढेमागे सरकतो ती पिन गंजून अडकली होती, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर आला होता. आतलं पॅड राहिलेलंच नव्हतं. नुसती लोखंडी पाठ, आणि चकतीवर बोट रुतेल एवढ्या चऱ्या. त्यांनी ते पॅड बाहेर काढलं. गरम होतं. त्यांनी ते तसंच हातात धरून ठेवलं.

"हे असं एकदम होतं का, बाबा?" जावयानं विचारलं. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि तो सासऱ्याला वाट काढून देत होता.

होतं, असं म्हटलं असतं तर संपलं असतं. पिन काल अडकली. भूगोलाच्या बाईंनी लपवलं. जुन्या मालात असं निघतंच. तिघांनीही मान डोलावली असती. वैद्यबुवांचा शब्द आजवर कुणी खोटा म्हटला नव्हता. सोमवारपर्यंत नवी पॅडं बसली असती, करडी गाडी छकुलीच्या दारात उभी राहिली असती. एवढा एकच 'हं' घालायचा होता.

आणि मग केव्हातरी दुसरा आवाज आला असता.

"नाही," ते म्हणाले. "एकदम होत नाही. हा पंधरा दिवस ओरडतोय. सगळ्या गावानं ऐकला. मला ऐकू आला नाही." त्यांनी पॅड खाली ठेवलं. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली. जास्तच असतील."

शेडच्या पत्र्यावर काहीतरी सरकलं असावं, कारण तिघांनी वर बघितलं. वैद्यबुवांनी त्यांच्याकडे बघून वर बघितलं.

छकुलीचा चेहरा आधी नुसता कोरा झाला. मग ती दुःखानं नाही, रागानं बोलायला लागली. "मला ऐकू येत होता. सकाळभर ऐकू येत होता. पेशंटच्या छातीत एवढंसं खुट्ट झालं तर मला कळतं, बाबा. मला वाटत होतं की हे बरोबर नाही. पण तुम्ही शेजारी डोळे मिटून बसला होतात, इतके निवांत. म्हटलं, बाबा शांत आहेत म्हणजे काही नाही. माझ्याच कानांना मी गप्प केलं." तिनं उताराकडे हात केला. "मी खाली गेले असते. हा नसता तर गेले असते."

 वैद्यबुवांना एकदम मुठीत दात धरून बसलेलं पोर दिसलं, आणि तो किस्सा आपण कुणाकुणाला सांगितला ते आठवून कानशिलं तापली.

बायको पुढे आली, तिनं पदरानं त्यांच्या हातावरचा काळा डाग पुसला. "भाजलंय," ती म्हणाली. "पाणी घाला त्याच्यावर." जावयानं बाटली आणली.

"चारची वेळ परत मागून घे," वैद्यबुवा जावयाला म्हणाले. "गाडी वाईट नाही. दोन पॅडं, चकती आणि एका पिनेचं काम आहे, मी करीन. पण जुन्या गाडीला ऐकणारं माणूस लागतं. हिला रोज इथून उतरायचंय. नवी घ्या."

छकुलीनं "नको बाबा, हीच घेते" म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, ओठ हलतात का ते बघितलं. ती काही म्हणाली नाही. जावयानं खणातून फोन काढला आणि जरा लांब जाऊन शोरूमला लावला. मान हलवून खूण केली. वेळ मिळाली होती.

करडी गाडी तिथेच सोडायची, दुपारी टेम्पोवर घालून न्यायची असं ठरलं. छकुलीनं बापापुढे हात पसरला. वैद्यबुवांना क्षणभर कळेना ती काय मागतेय. मग कळलं, आणि त्यांनी बावीस वर्षांच्या गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली.

ती चालवायला बसली, आई तिच्या शेजारी. वैद्यबुवा मागे, जावयाच्या बाजूला. स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर ते कधी बसलेच नव्हते. पाय कुठे ठेवायचे हेही कळत नव्हतं. गाडी चालू झाली. समोर दोन डोकी होती, मागून दिसणारी, आणि त्या डोक्यांना तोंडं नव्हती. थोड्या वेळानं बायकोची मान मुलीकडे वळली. मुलगी काहीतरी म्हणाली. बायकोनं उत्तर दिलं, बराच वेळ. मुलीनं डोळे पुसले, पुन्हा काही म्हणाली. जावई खिडकीबाहेर बघायला लागला, म्हणजे त्याला ऐकू येत होतं. वैद्यबुवांना नुसती इंजिनाची घरघर येत होती आणि तिच्यावर एक पुसट गुणगुण, जिच्यात एकही शब्द नव्हता.

आपल्याबद्दलच असणार. डॉक्टरचं, किल्लीचं, पुढे काय करायचं त्याचं. त्यांनी नेहमीसारखं "हं" म्हणायला तोंड उघडलं. मग पुढच्या दोन सीटच्या मध्ये वाकले, दोन्ही हातांनी सीट धरल्या.

"काय म्हणताय?" ते म्हणाले. "मला आलं नाही ऐकू. मोठ्यानं सांगा."